पडद्यावरच्या वर्गात आपला बाक कुठे?

बेळगावात ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द निघाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. कोणत्या प्रभागातून कोण उभा आहे, महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार एकच आहे की दोन, मराठी मते फुटणार की नाही, एवढ्यात या शब्दाचा आपल्याकडचा संसार आटोपतो. चित्रपटाच्या चर्चेत हाच शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने येतो. एखाद्या समूहातले माणूस पडद्यावर दिसते का, दिसले तर कोणत्या रूपात दिसते आणि कथेत त्याला काय करू दिले जाते, असे तीन प्रश्न तेथे या एका शब्दात सामावलेले असतात. दोन्ही अर्थांत कोणीतरी एक जण अनेकांच्या वतीने उभा असतो. फरक एवढाच की नगरसेवक आपण निवडतो. पडद्यावरचा आपला माणूस मात्र मुंबईत किंवा बेंगळुरूत बसलेल्या कोणीतरी आपल्याला न विचारता निवडलेला असतो, आणि पाच वर्षांनी त्याला बदलण्याची सोयही नसते.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी मी मुद्दाम एक हलकाफुलका प्रकार निवडला आहे, तो म्हणजे किशोरवयीन मुलांवरचा विनोदी चित्रपट. शाळा, पहिले प्रेम, परीक्षेची धास्ती, खोडकर मित्र, खडूस मास्तर आणि शेवटी स्नेहसंमेलन किंवा निरोप समारंभ, एवढ्या सामानावर तो उभा राहतो, म्हणून त्याला सहसा कोणी गंभीरपणे घेत नाही. परंतु समाजाकडे बारकाईने पाहणाऱ्याला हाच प्रकार जास्त उपयोगी पडतो. बाहेर एकमेकांच्या घरी पाणीही न पिणाऱ्या घरांतली मुले शाळेत सहा-सहा तास एका बाकावर बसतात. मोठी माणसे जे मनात ठेवतात ते मुले तोंडावर बोलून मोकळी होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे सारे काम हसण्यातून चालते. भाषण ऐकताना माणूस सावध असतो, पटले नाही तर मनातल्या मनात वाद घालतो. विनोदाच्या बाबतीत आधी हसू येते आणि विचार त्यानंतर, तोही आला तर.

ब्रिटनमधील अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९९७ साली या विषयावर जे लिहिले त्यातला एक मुद्दा सोप्या भाषेत असा मांडता येईल की चित्र हे वास्तवाचे नुसते प्रतिबिंब नसते, ते वास्तवाविषयीची आपली समजूत घडवतही असते. साठ मुलांच्या वर्गावर चित्रपट काढायचा झाला तर त्यातली पाच-सहा मुलेच बोलणार, बाकीची मागे बसून केवळ वर्ग भरल्यासारखा दाखवणार. ती पाच-सहा कोण, हे ठरवतानाच ‘वर्ग’ म्हणजे कोण हेही ठरून जाते. शंभर चित्रपटांत तीच पाच-सहा पुन्हा आली की पाहणाऱ्याला वाटू लागते की मुले अशीच असतात, आणि मागच्या बाकावरच्या पोराला वाटू लागते की गोष्ट घडण्याजोगे आपल्या आयुष्यात काही नाही. यातले दुसरे जास्त वाईट आहे, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली बालसाहित्याच्या संदर्भात आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार अशी उपमा वापरली होती. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचे तोंड दिसते, काहींतून दुसऱ्याचे घर दिसते, आणि काही पुस्तके त्याला त्या घरात शिरू देतात. ही उपमा चित्रपटालाही तितकीच लागू पडते. सीमाभागातील मराठी मुलाच्या वाट्याला खिडक्या भरपूर आल्या आहेत. पुण्याची खिडकी आहे, मुंबईच्या चाळीची आहे, हिंदी चित्रपटातील महागड्या बोर्डिंग शाळेची आहे, कन्नड चित्रपटातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचीही आहे. आरसा मात्र शोधावा लागतो.

या चित्रपटप्रकाराचा साचा अमेरिकेत ज्या काळात पक्का झाला, तो १९८० नंतरच्या दशकाचा काळ. १९८४ सालच्या ‘सिक्स्टीन कँडल्स’ या चित्रपटात परदेशातून शिकायला आलेला एक आशियाई विद्यार्थी आहे. तो पडद्यावर आला की पार्श्वसंगीतात घंटेचा मोठा टोला वाजतो. त्याचे नाव, उच्चार, खाणे, चालणे, सगळेच हसण्यासाठी ठेवलेले आहे. त्याच्या मनात काय चालले आहे याची कथेला गरजच पडत नाही. अशा ठरीव, एकाच गुणावर उभ्या केलेल्या पात्राला आपण साचेबंद पात्र म्हणतो. साचा खोटाच असतो असे नाही. असे बोलणारा एखादा मुलगा खरोखर असू शकतो. त्या एका गुणापलीकडे त्याला काही दिलेले नसते आणि पडद्यावर त्याच्या समूहाचा दुसरा कोणी नसतो, या दोन गोष्टींमुळे साचा जाचक ठरतो. नायिकेच्या शाळेत गोऱ्या मुलांतही मूर्ख होते, पण तेथे हुशारही होते, देखणेही होते, रडकेही होते. त्यामुळे एका मूर्खावरून सगळ्या गोऱ्यांबद्दल कोणी मत बनवले नाही.

त्याच दिग्दर्शकाच्या, म्हणजे जॉन ह्यूज यांच्या, पुढच्याच वर्षीच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्ये तर साचे मोडणे हाच विषय आहे. शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत डांबलेली पाच मुले, एक अभ्यासू, एक खेळाडू, एक विक्षिप्त, एक श्रीमंत लाडावलेली, एक गुंड, दिवसभरात एकमेकांची लेबले काढून टाकतात. चित्रपट आजही चांगला वाटतो. तरीही ही पाचही मुले गोरीच आहेत, आणि त्या विक्षिप्त मुलीकडे खेळाडूचे लक्ष जाते ते दुसरी मुलगी तिचे केस सारून, तोंड रंगवून तिला ‘नीट’ करते तेव्हाच. याच चित्रपटांची नायिका मॉली रिंगवाल्ड यांनी २०१८ साली एका लेखात आपल्याच चित्रपटांकडे मागे वळून पाहिले, आणि त्यांतील मुलींच्या छळाचे प्रसंग आज आपल्याला कसे टोचतात हे लिहिले, तेही त्या चित्रपटांवरचे प्रेम न लपवता. एखादी कलाकृती आवडणे आणि तिच्यातले खटकणे सांगणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आपल्याकडे अजून पचलेले नाही. आपल्याकडे टीका केली की तुम्ही एकतर शत्रू असता किंवा दुसऱ्या गटाचे.

विनोदाची दिशा ओळखण्यासाठी मला शाळेतलेच उदाहरण बरे वाटते. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा मुख्याध्यापकांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करतो आणि वर्ग लोटपोट होतो. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वर्गातल्या अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल करतो आणि वर्ग तसाच लोटपोट होतो. कसब तेच, हसूही तेच. पण पहिल्या वेळी ज्याच्या हातात छडी आहे त्याला चिमटा बसला आणि दुसऱ्या वेळी ज्याच्या हातात काहीच नाही त्याला. पडद्यावरचा प्रत्येक विनोद या दोहोंपैकी कोणत्या सुट्टीतला आहे, एवढे विचारले तरी निम्मा उलगडा होतो. उरलेला निम्मा अवघड असतो, कारण एकाच माणसाच्या हातात एका बाजूने छडी असते आणि दुसऱ्या बाजूने तो स्वतः मार खात असतो. मुलींच्या कंपूंतील सत्तेवर बेतलेला २००४ सालचा ‘मीन गर्ल्स’ हा चित्रपट यामुळेच महत्त्वाचा आहे. त्यात मारामारी अपवादानेच होते. बोलणे बंद करणे, वहीत लिहून ठेवणे, बाकावर जागा न देणे, एवढ्यावरच बहुतेक हिंसा चालते. रोझालिंड वाइजमन यांच्या पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकावर टिना फे यांनी ही पटकथा रचली होती. ती पाहताना आपल्याकडच्या कोणत्याही कन्याशाळेची आठवण यावी.

१९८५ साली अॅलिसन बेकडेल या व्यंगचित्रकार स्त्रीने आपल्या चित्रमालिकेत गमतीने एक कसोटी मांडली होती. चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. कसोटी इतकी साधी की कोणताही चित्रपट उतरेल असे वाटते, आणि प्रत्यक्षात कितीतरी गाजलेले चित्रपट तिच्यात नापास होतात. कसोटीत उतरलेला चित्रपट चांगलाच असतो असेही नाही. ती तपासते एकच गोष्ट: या माणसांना स्वतःचे आयुष्य आहे की त्या दुसऱ्याच्या गोष्टीतील सामान आहेत.

हीच कसोटी मी आपल्यासाठी थोडी बदलून घेतो. चित्रपटात बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडची किमान दोन माणसे असावीत, ती एकमेकांशी बोलावीत, आणि सीमाप्रश्न सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलावीत. वाचक हसतील, पण आठवून पाहावे. सीमाभागातला माणूस मराठी कथेत आला की बहुधा तो आंदोलनात असतो, लाठी खात असतो, किंवा व्यासपीठावरून महाराष्ट्राला साद घालत असतो. १९५६ची राज्य पुनर्रचना, सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल, २००४पासूनचा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा, हे सारे खरे आहे आणि ते आपल्या घरांतून फिरते. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या दिवसातला त्याचा वाटा किती? त्याला मिसरूड फुटत नसते, त्याचा आवाज फाटत असतो, सायन्सचा पेपर वाईट गेलेला असतो, आणि शहापुरातल्या एका मुलीने आपल्याकडे पाहिले की आपल्या मागच्याकडे, याचा निकाल लागत नसतो. इतरांच्या पोरांना पडद्यावर हे सगळे करता येते. आपल्या पोराला मात्र इतिहासाचे ओझे घेऊनच प्रवेश मिळतो. साधे, क्षुल्लक, हास्यास्पद असण्याची मोकळीक हेही प्रतिनिधित्वच आहे, आणि ते केवळ डोकी मोजून कळत नाही.

मराठीत गेल्या काही वर्षांत या वयावर जे चित्रपट झाले त्यांतले दोन येथे कामाचे आहेत. २०१३च्या आरंभी आलेला रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ हा वसाहतीत राहणाऱ्या मुलांची गोष्ट सांगतो. शेजारची एक ताई एकाएकी निघून जाते, मोठी माणसे तिने ‘शेण खाल्ले’ असे कुजबुजतात, आणि मुलांना प्रश्न पडतो की शेण खाल्ले म्हणजे नेमके काय केले. सगळा विनोद या एका वाक्प्रचाराच्या खुंटीवर टांगलेला आहे आणि चिमटा बसतो तो पालकांच्या मौनाला. विषय लैंगिक शिक्षणाचा, पण मुलांना हसे केले नाही. हसे झाले ते मोठ्यांच्या तोंड चुकवण्याचे. मला यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते ती म्हणजे मुलांच्या टोळीत मुलीही आहेत आणि त्यांनाही तेच प्रश्न पडतात. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. असे चित्रपट ज्या मुलांविषयी असतात त्यांनाच ते पाहता येतील की नाही, हे प्रमाणपत्रावर अवलंबून असते. २०२४च्या नियमांनी पालकांच्या देखरेखीच्या प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे केले, ते या दृष्टीने बरे झाले.

दुसरा चित्रपट म्हणजे त्याच दिग्दर्शकाचा, २०१४च्या जानेवारीत आलेला ‘टाइमपास’. दहावीत गटांगळ्या खाणारा, घरोघरी पेपर टाकणारा दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. येथे जातीचा शब्द मोठ्याने उच्चारावा लागत नाही. आडनाव, घरातले संगीत आणि बोलण्यातला ‘न’ व ‘ण’ एवढ्यावर प्रेक्षक सगळे ओळखतो. विनोदाची दिशा बघावी तर प्राजक्ताच्या वडिलांच्या ताठ्याला चिमटा बसतो आणि थिएटर टाळ्यांनी भरते, म्हणजे वरच्याला चिमटा. पण प्राजक्ताच्या मनात काय आहे यापेक्षा दगडू तिला मिळवणार कसा, यावरच कथेचे लक्ष अधिक असते. एका अन्यायावर बोट ठेवताना दुसरा तसाच राहतो, हे या प्रकारात वारंवार घडते. दगडूवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांना त्याच वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहायला मिळाला. तो विनोदी चित्रपट नाही, तरी हसण्याविषयी त्याच्याइतके कोणी सांगितलेले नाही. त्यातल्या शाळकरी जब्याचे कुटुंब डुक्कर पकडायला धावते आहे आणि गाव कडेला उभे राहून खिदळते आहे. तेथे आपल्याला कळते की हसणाऱ्यांच्या बाजूला उभे राहून आपण आजवर काय काय पाहिले. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो.

आता भाषेकडे वळतो, कारण सीमाभागाच्या दृष्टीने खरी मेख तेथे आहे. ‘होय की’, ‘कुठे जाऊलालास?’ असे बोलणारे पात्र मराठी रंगभूमीवर किंवा पडद्यावर आले की प्रेक्षकांत आधीच हसू फुटते. कन्नडच्या वळणाचे हे मराठी आपल्या घराचे आहे. त्याला स्वतःचे व्याकरण आहे, लय आहे, आणि कन्नड वाक्याच्या शेवटाची ओढ त्याच्यात कशी उतरली हा अभ्यासाचा विषय आहे. त्यावर हसणे म्हणजे अपमानच, असे मी म्हणणार नाही. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात होते आणि त्यांनी रेखाटलेले रावसाहेब आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. तेथे बोलीवर पोट धरून हसतो आपण; पण त्या माणसाला राग आहे, गाण्याचा कान आहे, मैत्री आहे, दुःख आहे. बोली त्याच्या अंगावरचा सदरा आहे, सदऱ्याच्या आतले माणूस पुरते आहे. उलट दोन मिनिटांसाठी येऊन ‘की’ लावून बोलणारा आणि निघून जाणारा हमाल, वेटर किंवा चालक पाहिला की लक्षात येते की तेथे सदरा आहे, आत कोणी नाही. अमेरिकेतल्या त्या घंटेचा टोला आणि आपला हा ‘की’ यांत फारसे अंतर नाही.

बोली पुसून टाकणे हाही उपाय नव्हे. कित्येक चित्रपटांत खेड्यातली मुले पुण्याच्या निवेदकासारखी बोलतात. तेथे कोणाचा अपमान होत नाही आणि कोणी दिसतही नाही. शिवाय आपल्या मुलांचे शालेय जगच वेगळे आहे. महाराष्ट्रातील चित्रपटात अकरावीच्या प्रवेशाची धावपळ असते. आमच्याकडे एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाली की पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, असते. ‘बारावीचे वर्ष’ म्हणून घरात केबल बंद करण्याचा प्रसंग आम्हाला कळतो, पण तो दुसऱ्याच्या घरातला असतो. अशा बारीक गोष्टींनीच खिडकी आणि आरसा यांतला फरक पडतो.

या सगळ्याचे सर्वांत चांगले उदाहरण मला मराठीत मिळाले नाही. ते कन्नडमध्ये मिळाले. २०१८ साली ऋषभ शेट्टी यांनी एक विनोदी चित्रपट काढला. त्याचे लांबलचक नाव म्हणजे शाळेची पाटीच आहे: ‘सरकारी हि. प्रा. शाले, कासरगोडु, कोडुगे: रामण्ण रै’, म्हणजे ‘सरकारी उच्च प्राथमिक शाळा, कासरगोड, देणगी: रामण्णा रै’. कासरगोड हा केरळच्या उत्तर टोकाचा जिल्हा. तेथे कन्नड माध्यमाची शाळा आहे, गणित शिकवायला मल्याळीच जाणणारा शिक्षक आला आहे, आणि पुढे शाळाच बंद करण्याचा घाट घातला जातो. सातवीतली पोरे प्रेमात पडतात, फजित होतात, आणि शाळा वाचवायला निघतात. अनंत नाग यांची त्यात मोठी भूमिका आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हा चित्रपट बेळगावातल्या मराठी माणसाने पाहावा आणि नावे तेवढी बदलून घ्यावीत. राज्य दुसऱ्या भाषेचे, शाळा आपल्या भाषेची, शिक्षक दुसऱ्या भाषेचा, पटसंख्या घटत चाललेली, पाटीवर जुन्या देणगीदाराचे नाव, आणि पोरांना यातले काही न पडता मधल्या सुट्टीचे पडलेले. १९५६ साली ज्या पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले त्याच पुनर्रचनेत कासरगोड केरळकडे गेले. ज्या महाजन आयोगाने बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात ठेवावे असे सांगितले त्याच आयोगाने कासरगोडचा भाग म्हैसूरला द्यावा असेही सांगितले. म्हणजे तेथे कन्नडभाषक ज्या बाकावर बसला आहे तो बाक आणि आपला बाक एकाच सुताराने केलेला आहे. कर्नाटकात हा चित्रपट गर्दीत चालला. ज्या प्रेक्षकांनी कासरगोडच्या पोरांसाठी डोळे पुसले, त्यांतले काही जण खानापूरच्या मराठी शाळेजवळून रोज जात असतील. त्यांना काही वाटले असेल का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि लगेच दुसराही आला, की तो चित्रपट पाहताना मला कासरगोडची मुले आपली वाटली, ती आधी कधी वाटली होती का? खिडकीतून पाहता पाहता आरसा दिसला तो असा.

चित्रपटाच्या विनोदाकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. भाषा न कळणारा गणिताचा शिक्षक हसण्याचा विषय होतो. त्याच्या हातात छडी आहे आणि तो ज्या सरकारचा आहे त्याच्याही हातात आहे, तेव्हा चिमटा वरच्याला बसला असे म्हणता येईल. पण तो शिक्षक व्यक्ती म्हणून कोण आहे? बदलीचा आदेश हातात घेऊन, कळत नाही त्या भाषेच्या वर्गासमोर उभा राहिलेला पगारी माणूस. सरकारला हसायचे आणि हाताशी सरकार नाही म्हणून मास्तराला हसायचे, ही सवय सीमाभागात दोन्ही बाजूंना आहे. आमच्या शाळेत कन्नड शिकवायला येणाऱ्या बाईंच्या मराठीची आम्ही जी नक्कल करीत असू, ती आठवली की मला आज संकोच वाटतो. त्या आमच्याशी आमच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न करीत होत्या, म्हणूनच तर नक्कल करता येत होती.

मराठी माध्यमाच्या शाळेवर बेळगावात असा चित्रपट निघाला तर तो कसा असावा, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. एक नोव्हेंबरचा दिवस घ्यावा. त्या दिवशी शहरात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि त्याच दिवशी समितीचा काळा दिन व मूक सायकल फेरी असते. आठवीतला एक मुलगा शाळेतर्फे राज्योत्सवाच्या नाचात आहे, कारण नाचात ती मुलगीही आहे. सकाळी काकांनी त्याला काळी फीत बांधून फेरीला नेले आहे. आणि तो ज्या सायकलवर बसून निषेधाला गेला आहे ती सायकल कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलांना फुकट वाटलेली आहे. २००६-०७पासून चाललेल्या त्या योजनेच्या सायकली आपल्याकडच्या कितीतरी घरांसमोर उभ्या होत्या. फीत सोडून, सायकल लपवून, घामाघूम होऊन तो नाचाच्या जागी पोहोचतो की नाही, एवढीच गोष्ट. कोणाला शिवी नाही, कोणाचा जयजयकार नाही. भाषण न करता सीमाभाग पूर्ण दिसतो.

पण लिहायला बसले की अडचणी सुरू होतात, आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा तेथेच कळतो. ती मुलगी कन्नडभाषक ठेवली तर गोड वाटते, पण मग ती ‘त्या बाजूची’ म्हणूनच येते, मिळवायची वस्तू होते. तिला स्वतःचे काम द्यायला हवे. तिला कदाचित मराठी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिले यायचे असेल, आणि तिला या मुलाची फक्त सायकल हवी असेल. मुलाचा जिवलग मित्र कोण? वडगावात कापडाच्या मागावर रात्री काम करून सकाळी वर्गात पेंगणारा मुलगा घेतला तर त्याचे पेंगणे विनोदासाठी वापरायचे की नाही? मुस्लिम मुलगा ठेवला तर तो केवळ शीरखुर्म्यासाठी ठेवायचा का, हे आधी ठरवावे लागते. घरी उर्दू, गल्लीत मराठी आणि वर्गात पाठ केलेले कन्नड बोलणारा तो खरे म्हणजे सगळ्यांत पुढे असतो, आणि तिन्ही बाजूंची गुपिते त्यालाच ठाऊक असतात. दलित वस्तीतल्या मुलीचे आडनाव घ्यायचे की टाळायचे? टाळले तर आपण जात लपवली, घेतले आणि पुढे काही केले नाही तर आपण तिला हजेरीपुरते बोलावले. नुसते ‘सर्वांना घ्या’ म्हणून हे सुटत नाही.

वरच्याला चिमटा काढायचा तर माझ्या मते या चित्रपटातले खरे गिऱ्हाईक म्हणजे घरातले मोठे. मायमराठी टिकली पाहिजे म्हणून गल्लीच्या मंडळापुढे घसा कोरडा करणारे काका आणि त्यांचा कॉन्व्हेंटात शिकणारा मुलगा, ज्याला मराठी अंक वाचता येत नाहीत, ही जोडी मला फार उपयोगी वाटते. २०१५च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड सक्तीची झाली त्यावर काका तावातावाने बोलतील. मराठी शाळेतली पटसंख्या कशी घटली यावर बोलताना मात्र त्यांना फोन येईल. याच घरातली आजी भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करते, माहेर चिकोडीकडचे असल्याने जात्यावरच्या ओव्या मराठीत म्हणते, आणि तिला कोणी तिची भाषा कोणती असे विचारलेले नाही. चित्रपट काढणाऱ्याने तिला एक तरी प्रसंग असा द्यावा की ज्यात ती कोणाला आशीर्वाद देत नाही.

कोण काढतो, हाही प्रश्नाचा एक भाग आहे. बाहेरच्याने काढला तर तो वाईटच असेल असे नाही. बारकाईने ऐकणारा बाहेरचा माणूस घरच्या आंधळ्या माणसापेक्षा बरा. पण बाहेरच्याला बेळगाव म्हटले की आधी सीमा दिसते, कुंदा दिसतो आणि शिवजयंतीचे चित्ररथ दिसतात. वर्गात पंखा बंद पडल्यावर कोणत्या बाकावरची मुले कोणत्या भाषेत ओरडतात, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

असा चित्रपट अजून माझ्या पाहण्यात नाही, पण त्याचे तुकडे मोबाइलवर दिसू लागले आहेत. आपल्या भागातली पोरे मिनिटा-दीड मिनिटाच्या चित्रफिती काढतात. आई आणि मुलगा, दुधाची पिशवी, उधारी, कन्नडच्या पेपरातले गुण, पावसाळ्यात बंद पडलेली गाडी, असे विषय असतात आणि बोलणे अस्सल ‘जाऊलालास’चे असते. त्यांत दोन माणसे असतात, ती एकमेकांशी बोलतात आणि सीमाप्रश्नाचा उल्लेखही नसतो. माझी कसोटी ही पोरे सहज पार करतात. हसणारेही आपणच असतो, त्यामुळे ‘की’वर हसताना सदऱ्याच्या आत कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांतली आई मात्र बहुतेक वेळा डोक्यावरून टॉवेल घेतलेला एखादा मुलगाच असतो. ती ओरडते, लाटणे उगारते, तिला ऐकू नीट येत नाही, आणि इतक्या चित्रफिती पाहूनही तिचे नाव काय ते मला अजून कळलेले नाही.